चुंबकसूचीचे स्थलांतर

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे गाव अरुणावती नदीच्या काठी वसलेले आहे. उन्हाळ्यात नदीचे पाणी आटते आणि पात्रातील वाळू उघडी पडते. अशा वेळी एक लोहचुंबक कागदात गुंडाळावा, त्याला दोरी बांधावी आणि तो वाळूतून हळूहळू ओढत न्यावा. थोड्याच वेळात त्याच्या दोन्ही टोकांना बारीक काळ्या कणांची दाढी फुटलेली दिसते. कागद सोडवला की ते कण गळून पडतात. हे कण मातीचे नव्हेत, की कोणी टाकलेला लोखंडाचा कीसही नव्हे. ते मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे कण होत. या मुलखातील काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून आलेल्या तप्त रसापासून तयार झाला. त्या दगडात हे खनिज विखुरलेले असते. दगड झिजला, की पावसाच्या पाण्याबरोबर ते नदीत उतरते. मुलांनो, काळ्या दगडाची ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्या हातातील चुंबकाकडे नीट पाहा. काळे कण सर्वत्र सारखे चिकटलेले नाहीत. दोन टोकांशी त्यांची गर्दी आहे, मध्यभागी मात्र फारसे कण नाहीत. ज्या ठिकाणी आकर्षण सर्वांत अधिक असते, त्या टोकांना चुंबकाचे ध्रुव म्हणतात. चुंबक दोऱ्याने मधोमध बांधून टांगला, तर तो हेलकावे खाऊन अखेर दक्षिणोत्तर स्थिर होतो. उत्तरेकडे राहणारे टोक तो उत्तरध्रुव आणि दक्षिणेकडे राहणारे तो दक्षिणध्रुव. दोन चुंबकांचे सजातीय ध्रुव जवळ आणले, तर ते एकमेकांस दूर लोटतात. विजातीय ध्रुव एकमेकांस ओढून घेतात. चुंबकाचे दोन तुकडे केले, तरी एक ध्रुव एका तुकड्यात आणि दुसरा दुसऱ्यात अशी वाटणी होत नाही. प्रत्येक तुकडा दोन ध्रुवांचा पूर्ण चुंबक होतो. लोखंड, निकेल व कोबाल्ट हे धातू चुंबकाकडे ओढले जातात. तांबे, पितळ आणि लाकूड यांच्यावर मात्र त्याचा प्रभाव जाणवत नाही.

चुंबक स्वतःशी दक्षिणोत्तर दिशा का धरतो? या प्रश्नाचे उत्तर विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली आपल्या ग्रंथात दिले. त्याने चुंबकपाषाणाचा एक गोळा घडवला आणि त्याच्यावर निरनिराळ्या ठिकाणी लहानशी सुई ठेवून पाहिली. पृथ्वीवर होकायंत्राची सुई जशी वागते, तशीच ती त्या गोळ्यावर वागू लागली. यावरून त्याने अनुमान काढले, की पृथ्वी हीच एक प्रचंड चुंबक आहे. चुंबकाच्या भोवती ज्या जागेत त्याचा प्रभाव जाणवतो, तिला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. आपण सर्वजण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातच वावरत असतो. ते डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. पण सुईला ते कळते.

पुढे दोनशे वर्षे चुंबकशक्ती आणि वीज या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, असाच बहुतेकांचा समज होता. १८२० साली डेन्मार्क देशातील कोपनहेगन शहरी हान्स ख्रिश्चन ओरस्टेड हे प्राध्यापक विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत होते. मेजावर विद्युत्घट होता, तार होती आणि जवळच होकायंत्र होते. तारेतून विद्युत्प्रवाह सुरू होताच होकायंत्राची सुई किंचित वळली. प्रवाह बंद करताच ती पूर्वीच्या जागी आली. सुईजवळ दुसरा चुंबक नव्हता. मग तिला हलवले कोणी? पुढील काही महिने प्रयोग करून ओरस्टेड यांनी निश्चित केले, की ज्या तारेतून विद्युत्प्रवाह वाहतो, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. प्रवाहाची दिशा उलटी केली, तर सुईही उलट बाजूस वळते.

हा प्रयोग तुम्हांलाही करता येईल. शिवणकामाची सुई चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा. म्हणजे ती चुंबकसूची होईल. एका बशीत पाणी घेऊन त्यावर हलके पान तरंगत ठेवा आणि पानावर ही सुई ठेवा. ती दक्षिणोत्तर स्थिर झाली, म्हणजे तिच्या अगदी वर, तिच्याच दिशेत एक तार धरा आणि तारेची टोके विजेरीतील घटाला क्षणभर जोडा. सुई बाजूला वळेल. घटाची टोके अदलाबदल करून पुन्हा पाहा. मात्र तार फार वेळ जोडून ठेवू नका, ती तापते; आणि घरातील विजेच्या खटक्याशी असा खेळ कधीही करू नका.

हीच तार लोखंडी खिळ्याभोवती गुंडाळली आणि तिच्या प्रत्येक वेढ्यातून प्रवाह सोडला, तर सर्व वेढ्यांचे बळ एकवटते व खिळा चुंबक बनतो. प्रवाह थांबताच त्याची चुंबकशक्ती जवळजवळ नाहीशी होते. यालाच विद्युच्चुंबक म्हणतात. पहिला विद्युच्चुंबक विल्यम स्टर्जन यांनी १८२५ च्या सुमारास केला. विजेची घंटा, टेलिफोन आणि शेतातील विहिरीवरचा मोटरपंप या सर्वांच्या पोटात विद्युच्चुंबक काम करीत असतो. १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी याच्या उलट बाजू दाखवून दिली. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला, तर तारेत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. वीज चुंबकत्व निर्माण करते आणि बदलते चुंबकत्व वीज निर्माण करते, असा हा परस्परसंबंध आहे.

हा संबंध आपल्या महाराष्ट्रात एकदा मोठ्या अडचणीचा ठरला. ती हकीकत आता पाहू.

मुंबईच्या दक्षिण टोकाशी कुलाबा येथे १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने एक वेधशाळा स्थापन केली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध घेतले जाऊ लागले. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली त्या वेळी एक कोवळा तरुण साहाय्यक म्हणून काम करीत होता. अलिबागजवळच्या नागाव येथे १८२५ साली जन्मलेले हे केरो लक्ष्मण छत्रे होत. पुढे हेच केरूनाना थोर गणिती म्हणून प्रसिद्ध झाले आणि लोकमान्य टिळकांचे ते गुरू होते.

टांगलेल्या सुईकडे पुन्हा पुन्हा पाहून आकडे लिहिण्यात असे काय मोठे, असे तुम्हांला वाटेल. परंतु सूक्ष्म उपकरणांनी पाहिले, तर सुई कधीच पूर्णपणे स्थिर नसते. भूमीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, सूर्यप्रकाशामुळे विद्युद्भारित झालेल्या विरळ हवेत विजेचे प्रवाह वाहत असतात. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीवरची सुई रोज किंचित हलते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांजवळ डोळे दिपवणारा प्रकाश क्षणकाल दिसला. दुसऱ्याच दिवशी जगभर चुंबकीय वादळ उठले. तारायंत्रांच्या लांबच लांब तारांत आपोआप प्रवाह वाहू लागले आणि अमेरिकेत तर काही ठिकाणी घट काढून ठेवूनही संदेश पाठवता आले. फॅरेडे यांचा नियम जणू साऱ्या पृथ्वीवर खरा ठरला. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी आपले काम सोडले नाही. सुई किती ढळली, याचे आकडे ते लिहीत राहिले. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी त्या जुन्या आकड्यांवरूनच या महावादळाचे मोजमाप केले.

याच मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. नगरवासीयांना ती मोठीच सोय होती. पण ट्रामचा विद्युत्प्रवाह रुळांतून परत जातो आणि त्यातला काही भाग जमिनीत झिरपतो. ओरस्टेड यांच्या मेजावरील एका तारेने जे केले, तेच आता शहरातील रूळ करणार होते. उंच आकाशातील प्रवाहांची कुजबुज ऐकायची, तर शेजारचा गलगला चालत नाही. साठ वर्षांची नोंद तुटते की काय, असा प्रसंग आला.

त्या वेळी वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस हे होते. ट्राम नको, असे म्हणून शहराची वाट अडवणे योग्य नव्हते. वेध सोडून देणे तर त्याहून अयोग्य होते. म्हणून सुईनेच घर बदलावे, असे ठरले. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडील अलिबाग हे गाव त्यासाठी निवडण्यात आले. तेथील इमारत लोखंडाचा खिळासुद्धा न वापरता बांधावयाची होती. खिळे, बिजागऱ्या यांसाठी तांबे व पितळ यांचा उपयोग करण्यात आला. आणि भिंती? कोकणातही आर्णीसारखाच काळा दगड विपुल आहे. पण त्याच्या पोटात मॅग्नेटाइट असते, हे तुम्ही आरंभीच पाहिले आहे. असा दगड सुईशेजारी कसा चालेल? म्हणून चुंबकीय गुण नसलेला फिकट रंगाचा दगड पोरबंदरहून आणण्यात आला.

तरीही एक प्रश्न उरला. एका गावचे आकडे दुसऱ्या गावच्या आकड्यांशी जुळावेत कसे? जुन्या पायलीने मोजलेले धान्य नव्या मापाशी ताडून पाहिल्यावाचून जुना हिशेब नव्या वहीत उतरवता येत नाही. म्हणून १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. दोन्ही जागांतील फरक नेमका कळला आणि मगच १९०६ साली कुलाब्याच्या चुंबकीय वेधांना विराम मिळाला. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. तिचे काम संपून १९६४ साली ती बंदही झाली. अलिबागची सुई मात्र अद्याप डोलते आहे. १९७१ पासून ती वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली आहे. कुलाबा आणि अलिबाग मिळून झालेली ही नोंद जगातील सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक मानली जाते.

केरूनाना १८८४ साली निवर्तले. आपल्या तरुणपणीच्या सुईने आपल्याच नागावच्या शेजारी बिऱ्हाड केले, हे पाहावयास ते नव्हते. परंतु त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनी लिहिलेला एकेक आकडा पुढच्यांच्या उपयोगी पडला. आपल्या नोंदीचा उपयोग कोणाला आणि केव्हा होईल, हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तरी त्यांनी ती खरी आणि अखंड ठेवली.

तुमच्या बशीतील पानावरची सुई आणि अलिबागची सुई, या दोघींना ओढणारी पृथ्वी एकच आहे. सुई ठेवण्यापूर्वी जवळ चाकू, कुलूप किंवा मोबाइल नाही ना, हे पाहा. मग ती कोणती दिशा दाखवते, ते वहीत लिहा आणि तारीख घालावयास विसरू नका.

स्वाध्याय

१. चुंबकाचे तुकडे केले असता ध्रुवांचे काय होते?
२. ओरस्टेड यांनी प्रयोगावरून कोणता निष्कर्ष काढला?
३. विजेच्या ट्राममुळे कुलाब्याच्या वेधांत बिघाड का झाला असता?
४. अलिबागच्या इमारतीसाठी लोखंड व काळा दगड का वर्ज्य केले?
५. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी वेध घेण्याचे कारण आपल्या शब्दांत लिहा.
६. आपल्या गावच्या नदीतील किंवा ओढ्यातील वाळूतून चुंबक फिरवून पाहा आणि काय आढळले, त्यावर आठ-दहा ओळी लिहा.