चक्की घेताना एचपी नव्हे, युनिटमागचे किलो विचारा

चांदूर बाजारात किंवा आसपासच्या खेड्यात पिठाची चक्की टाकायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : किती एचपीची? विक्रेत्यालाही तोच आवडतो. मोटर मोठी, तशी पावती मोठी. रोजचा खर्च मात्र एका युनिटमध्ये किती किलो दळण निघतं, यावर ठरतो.

हिशेब करून पाहा. १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॉट. मोटरमधली तूट धरली तर पूर्ण भारावर तासाला साधारण साडेआठ युनिट जळतात. युनिट ९ रुपयांनी पडतं असं समजू (तुमचा खरा दर म्हणजे बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट), तर तासाला ७६ रुपये झाले. तेवढ्यात १२० किलो गहू निघाला तर किलोमागे ६४ पैसे. ७० किलोच निघाला तर १ रुपया ९ पैसे. मोटर तीच, बिलही तेच.

हा फरक बहुतेक वेळा दगडात असतो. दगडावरचे टाके, म्हणजे छिन्नीने पाडलेल्या खाचा, बोथट झाले की दाणा कापला जात नाही, रगडला जातो. दळण रेंगाळतं, पीठ तापतं आणि गिऱ्हाईक ‘जळालं’ म्हणून परत आणतं. टाकी लावायची, म्हणजे या खाचा पुन्हा पाडायची, मजुरी वाचवणारा ती वीजबिलात भरतो, तीही व्याजासकट. म्हणून दगड किती इंची, हे विचारताना टाकी लावणारा जवळपास कोण आहे, हेही विचारा. टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ मात्र गिऱ्हाइकाला देऊ नका. त्यात कच येते.

दुसरी गोष्ट वेग. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ५ इंची पुली आणि चक्कीवर १५ इंची असेल, तर दगड मिनिटाला ४८० फेरे घेतो. पुली बदलून वेग वाढवायचा सल्ला कोणी देईलच. ऐकू नका : पीठ करपतं आणि दगड फुटण्याचा धोका असतो.  

पावसाळ्यात ओलसर गहू, ज्वारी दळताना उत्पादन घटतं. मिरचीसाठी वेगळा पल्व्हरायझर लागतो. त्याची जाळी जितकी बारीक, तितके तासाचे किलो कमी. मिरची नीट वाळलेली नसली तर जाळी तुंबते.

वीजजोडणी घेताना पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात बसते, हे लक्षात ठेवा. व्यावसायिक दराने बिल येत असेल तर महावितरणकडे अर्ज द्या. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (२०२०) पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून मगच कर्जाचं बोला.

पैसे देण्याआधी त्याच मॉडेलची चालू चक्की गाठा, स्वतःच्या घरचा ५० किलो गहू दळून घ्या आणि मीटरचा आधीचा-नंतरचा आकडा लिहा. वरच्या हिशेबाने युनिटला १४ किलोच्या आसपास निघाले तर सौदा करा. आठावर अडकले तर आधी दगड तपासा. विक्रेता चाचणीलाच नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.