मध्यस्थाचे मोल कशावरून ठरवावे?

प्रश्न : नवीन पनवेलमध्ये सदनिका घेत आहे. दलाल आणि कर्ज मिळवून देणारा मध्यस्थ यांची योग्यता कशी ओळखावी?

उत्तर : ज्या गृहस्थाने आपणांस केवळ विमानतळाच्या सान्निध्याचे वर्णन ऐकविले, त्याने आपले काम अद्याप आरंभिलेलेच नाही, असे मी निःसंकोच म्हणेन. नवीन पनवेलची जमीन बहुतांशी सिडकोच्या भाडेपट्ट्याची. तेव्हा पट्ट्याची किती वर्षे उरली, हस्तांतरण-शुल्क कोणी भरावयाचे, सिडकोची ना-हरकत आहे की नाही, आणि दुय्यम निबंधकांच्या दफ्तरी मागील ३० वर्षांचा शोध घेता कोणता बोजा आढळला, हे जो न विचारता कागदानिशी आपल्यापुढे मांडतो, तोच दलालीस पात्र होय. नवा प्रकल्प असल्यास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये दलालास महारेराची नोंदणी अनिवार्य आहे. क्रमांक अवश्य मागावा.

कर्जाच्या मध्यस्थाकडून निव्वळ हप्ता ऐकून समाधान मानू नये. ४० लाखांवर, ९ टक्के दराने, २० वर्षांच्या मुदतीस मासिक हप्ता सुमारे ३६ हजार येतो खरा, परंतु व्याजच ४६ लाखांवर जाते. हा हिशेब, आणि बँकेकडून स्वतःस मिळणारे कमिशनही, त्याने आपण होऊन सांगितले पाहिजे.