आधी गिअर बॉक्स ओळखा, मग ऑईल निवडा



कारखान्याची मोळी टाकण्यापूर्वी दरवर्षी आमच्या गट कार्यालयात ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांची नोंद होते. त्या वेळी आम्ही टायर पाहतो, ट्रॉलीची हूक-पिन पाहतो, रिफ्लेक्टर लावलेत की नाही ते पाहतो. गिअर बॉक्समध्ये कोणते ऑईल आहे असे विचारले की मात्र बहुतेकांचे उत्तर एकच असते, "नव्वद नंबर घातलंय की साहेब!" हे उत्तर अर्धेच आहे. अर्ध्या उत्तरावर दोन भरल्या ट्रॉल्या ओढायच्या म्हणजे धोका आहे. सबब या अंकात हा विषय घेत आहोत.

नव्या ट्रॅक्टरबरोबर कंपनीची पुस्तिका येते. तीत लिहिलेले ऑईल घातले की प्रश्न मिटला. खरी अडचण आहे ती दोन-तीन हात फिरून आलेल्या ट्रॅक्टरची. पुस्तिका कधीच गहाळ झालेली असते, पाटीवरचे अक्षर रंगाखाली गेलेले असते. कधी कधी पुढचा भाग एका ट्रॅक्टरचा आणि मागचे हौसिंग दुसऱ्याचे असते. अशा अनोळखी गिअर बॉक्सची ओळख कशी पटवावी आणि त्याला कोणते ऑईल द्यावे, एवढाच या लेखाचा विषय.

उसाशी याचा संबंध काय?

तोडलेला ऊस जितका लवकर गव्हाणीत पडेल तितका चांगला. फडात किंवा रस्त्यात ऊस वाळला की वजन घटते आणि उसातली साखरही मोडत जाते. वजनातली घट थेट आपल्या बिलात दिसते. ऐन हंगामात गिअर बॉक्स बसला तर ऊस वाळतो, तोडणी टोळी बसून राहते आणि आपल्या मागच्या सभासदाची पाळीही पुढे जाते. पण त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक याच ऑईलमध्ये बुडालेले असतात, हे अनेकांना माहीत नसते. चुकीच्या ऑईलने नुसते गिअर झिजत नाहीत, उतरणीवर ब्रेक दगा देऊ शकतो.

बॉनेटवरच्या नावावर जाऊ नका

बॉनेट बदलता येते, रंग मारता येतो. ओळख पटवायची ती गिअर बॉक्सची. त्यासाठी पुढील क्रमाने जावे.

१) हौसिंग डिझेलच्या फडक्याने आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करावे. पाटी असेल तर तीवरचे सर्व आकडे उतरवून घ्यावेत. चासी नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावा.

२) ओतीव लोखंडावर उठावाचे आकडे असतात तेही लिहून घ्यावेत. मात्र हे आकडे बाहेरच्या खोक्याचे असतात. एकच खोके दोन-तीन मॉडेलना वापरलेले असू शकते. म्हणून हा पुरावा धरावा, पण एकट्या त्यावर निकाल देऊ नये.

३) गिअर मोजावेत. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या वंशातल्या ट्रॅक्टरांत ६ पुढचे आणि २ मागचे गिअर असत. मधल्या ताकदीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत ८ पुढचे आणि २ मागचे असतात. म्हणजे ८ अधिक २ मोजून फारसे काही सिद्ध होत नाही; ६ अधिक २ निघाले तर मात्र शोध बराच आवरतो.

४) पी.टी.ओ. शाफ्टच्या ६ खाचा पाहून "हा अमुक कंपनीचा" असे कोणी सांगितले तर मानू नका. ५४० फेऱ्यांच्या पी.टी.ओ.ला ६ खाचा हे सर्वमान्य माप आहे, सगळ्यांना तेच असते.

५) जुन्या बाजारातून सुटा गिअर बॉक्स आणला असेल, उदाहरणार्थ जीप किंवा पिकअपचा, तर दोन्ही शाफ्टवर खडूची खूण करावी. पहिला गिअर टाकून पुढचा शाफ्ट हाताने फिरवावा. पुढचा १० वेळा फिरला आणि मागचा २ वेळा, तर प्रमाण ५ ला १. प्रत्येक गिअरचे प्रमाण असे काढून लिहिले की सुटे भाग विकणाऱ्याला किंवा कंपनीच्या माणसाला ओळख पटवणे सोपे जाते.

हे सर्व एका कागदावर लिहून, फोटो काढून अधिकृत विक्रेत्याकडे जावे. कंपनी बंद झाली किंवा विकली गेली म्हणून निराश होऊ नये. पंजाब ट्रॅक्टर्सचा 'स्वराज' १९७४ साली बाजारात आला. ती कंपनी २००७ साली महिंद्राकडे गेली. आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ साली टाफेने घेतला. म्हणजे जुन्या मॉडेलची चौकशी कोठे करायची ते ठरलेले आहे. एच.एम.टी.ने १९७१ पासून पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या नमुन्यावर ट्रॅक्टर काढले. त्यांचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तरी ते ट्रॅक्टर अजून चालतात. त्यांच्यासाठी जुना जाणता मेस्त्री आणि जुनी पुस्तिका शोधावी.

एका हौसिंगमधले तीन भाडेकरू

ओळख पटो वा न पटो, एका प्रश्नाचे उत्तर काढल्याशिवाय ऑईल ओतू नये. या ऑईलमध्ये कोण कोण बुडाले आहे? ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगमध्ये तीन भाडेकरू असू शकतात आणि तिघांची आवड वेगळी असते.

पहिला भाडेकरू म्हणजे गिअर आणि क्राऊन-पिनियन. दातावर दात दाबला जातो तिथे तुटणार नाही असा ऑईलचा थर त्यांना हवा असतो.

दुसरा, लिफ्टचा हायड्रॉलिक पंप. त्याला पातळ, सहज ओढले जाणारे ऑईल लागते. १४० नंबरचे जाड ऑईल थंडीच्या सकाळी त्याला ओढवत नाही. पंप कण्हतो, लिफ्ट उशिरा उठते आणि पंप आतून झिजतो.

तिसरा, तेलातले ब्रेक. त्यांच्या चकत्यांना ऑईलही हवे आणि पकडही हवी. साध्या गिअर ऑईलमध्ये ही पकड सांभाळणारे घटक नसतात.

लिफ्टचे ऑईल वेगळे आहे की एकत्र, हे पाहण्यासाठी पंपाला ऑईल आणणाऱ्या जाड नळीचा माग काढावा. ती स्वतंत्र टाकीतून आली असेल तर वेगळे, मागच्या हौसिंगमधून आली असेल तर एकत्र. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरांत पंप हौसिंगच्या आतच, ऑईलमध्ये बुडालेला असतो. बाहेर नळी दिसली नाही म्हणून फसू नये.

ब्रेकच्या बाबतीत मॉडेलच्या नावावर बिलकूल विसंबू नये. अनेक मॉडेल कोरड्या ब्रेकचीही विकली गेली आणि तेलातल्या ब्रेकचीही. फिटरकडून ब्रेकचे झाकण उघडून घ्यावे. आत कोरडी धूळ असेल तर ब्रेक कोरडे. चकत्या ऑईलमध्ये असतील आणि सील त्या रचनेचे असतील तर ब्रेक तेलातले. कोरड्या ब्रेकवर ऑईल आढळले तर सील गेले आहे. ते आधी बदलावे.

आमच्या गटातल्या एका वाहतूकदाराचा ट्रॅक्टर रिकामा असताना नीट थांबायचा. ट्रॉल्या भरल्या की ब्रेक दाबताच गुरगुर व्हायची, हिसके बसायचे. ब्रेक दोनदा आवळून झाले, गुण येईना. हौसिंगमध्ये १४० नंबरचे साधे गिअर ऑईल होते आणि ब्रेक तेलातले निघाले. चकत्या बदलून योग्य ऑईल भरल्यावर दोष गेला. ऑईल भरताना चार पैसे वाचवले, ते चकत्यांत भरावे लागले. बरे की ते चकत्यांवरच भागले.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

८०, ९०, १४० हे आकडे फक्त जाडी सांगतात. आत कोणती रसायने आहेत ते सांगत नाहीत. शिवाय गिअर ऑईलचे आकडे आणि इंजिन ऑईलचे आकडे यांची मापे निरनिराळी आहेत. ९० नंबरचे गिअर ऑईल ४० नंबरच्या इंजिन ऑईलपेक्षा दुपटीहून जाड असेल असे वाटते, पण तसे नाही. गरम असताना त्याची जाडी ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑईलच्या आसपासच असते. आकड्यावरून आकडा जुळवू नये.

दुसरी खूण म्हणजे इंग्रजीत छापलेला 'जी.एल.' वर्ग. हा वर्ग अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवला आहे. आपल्या कामाचे दोन वर्ग आहेत, जी.एल.-४ आणि जी.एल.-५. दोन्हींत गंधक आणि स्फुरद यांची संयुगे असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादावर संरक्षक थर धरतात. यालाच 'ई.पी.' म्हणतात. जी.एल.-५ मध्ये हा डोस जी.एल.-४ च्या साधारण दुप्पट असतो.

"मग पाचच भारी, तेच घालू" असे म्हणू नये. युरिया दुप्पट घातला म्हणून ऊस दुप्पट येत नाही, तसेच हे आहे. पोलादाला मानवणारे गंधक पितळ-काशाच्या भागांना, विशेषतः गरम ऑईलमध्ये, खाऊ शकते. जीप-पिकअपच्या सिंक्रोमेश गिअर बॉक्समध्ये पितळी कडी असतात, ट्रॅक्टरांत काही ठिकाणी काशाची बुशे असतात. शिवाय जी.एल.-५ मध्ये सिंक्रोची कडी नीट पकडत नाहीत आणि गिअर टाकताना करकर होते.

जी.एल.-५ ची खरी जागा हायपॉईड डिफरन्सिअलमध्ये आहे. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो आणि दात एकमेकांवर घासत सरकतात. जीप-पिकअपच्या मागच्या डिफरन्सिअलमध्ये ही रचना आढळते. ट्रॅक्टरमध्ये मात्र बहुधा साधे स्पायरल बेव्हल क्राऊन-पिनियन असते, त्याला जी.एल.-४ पुरते.

तिसरे नाव 'यू.टी.टी.ओ.', म्हणजे ट्रॅक्टरचे गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक या तिन्हींसाठी बनवलेले एकच ऑईल. ते इंजिनमध्ये मात्र चालत नाही.

जुने ऑईल बरेच काही बोलते

काढलेले ऑईल स्वच्छ घमेल्यात धरावे. ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात चिखलात चाललेल्या ट्रॅक्टरला हे होते. तळाच्या गाळातून चुंबक फिरवावे. चुंबकाला बारीक पीठ चिकटले तर ती नेहमीची झीज. कपच्या चिकटल्या तर दात किंवा बेअरिंग तुटत आहे, ऑईल बदलून भागणार नाही. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चमक दिसली तर आत पितळ-कासे आहे आणि ते झिजत आहे. गंधकाचा उग्र वास आला तर ऑईल ई.पी. आहे एवढेच कळते. ते चार की पाच, हे वासावरून कळत नाही.

निवड कशी करावी?

१) पुस्तिका मिळाली तर तीच प्रमाण. पुढचे नियम पुस्तिका नसेल तेव्हाचे.

२) लिफ्टचा पंप किंवा ब्रेक, दोहोंपैकी काहीही त्याच ऑईलमध्ये असेल तर यू.टी.टी.ओ. भरावे, मात्र आपल्या ट्रॅक्टरच्या कंपनीची मान्यता डब्यावर आहे ना, ते पाहावे.

३) नुसते गिअर असतील, आणि आत पितळ आहे किंवा आहे की नाही याची खात्री नाही, तर जी.एल.-४, ८० डब्ल्यू-९०.

४) वेगळे हायपॉईड डिफरन्सिअल असेल तर फक्त त्यात जी.एल.-५.

५) डब्यावर दोन्ही वर्ग आणि 'सिंक्रोमेशला चालते' असे छापलेले असेल तरच ते ऑईल गिअर बॉक्समध्ये वापरावे. दुकानदाराच्या तोंडी हवाल्यावर वापरू नये.

६) ब्रेक कोरडे की तेलातले हे ठरले नसेल तर ट्रॅक्टर वाहतुकीला लावूच नये.

बदलताना

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून चाकांना दगड लावावेत. ऑईल कोमट असताना काढावे म्हणजे गाळही निघतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आधी भरण्याचा प्लग उघडतो की नाही ते पाहावे, मगच खालचा प्लग सोडावा. खालचा सोडला आणि वरचा गंजून बसला, तर ट्रॅक्टर जागेवर अडकतो. रॉकेल-डिझेलने आत धुऊ नये. ते कोपऱ्यांत साचून नवे ऑईल पातळ करते. फारच घाण असेल तर भरायचे तेच ऑईल थोडा वेळ चालवून काढावे. निघाले तितकेच मोजून भरणे बरोबर नाही, कारण आधी कमी असू शकते. डिपस्टिकच्या खुणेपर्यंत, किंवा पातळीचा प्लग असेल तर तेथून ऑईल पाझरेपर्यंत भरावे. काढलेले ऑईल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

शेवटी, ऑईलचे पूर्ण नाव, वर्ग, तारीख आणि तासांचा आकडा हौसिंगवर रंगाने लिहून ठेवावा. मेस्त्री बदलला, ड्रायव्हर बदलला, तरी ती ओळ तिथेच राहील. वाहतूक कराराच्या वेळी हीच माहिती गट कार्यालयात आपल्या नोंदीसोबत द्यावी. ज्यांच्या ट्रॅक्टरची ओळख अजून पटलेली नाही, त्यांनी लिहून घेतलेले आकडे आणि फोटो घेऊन मोळी टाकण्याच्या आधी यावे. नंतर सगळ्यांनाच वेळ नसतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी
(शेती विभाग)