शिक्षकाचा शब्द आणि मुलाची नवनिर्मिती

मूल काही नवे करून दाखविते तेव्हा जवळची वडील माणसे सहज उद्गारतात, "छान!" हा शब्द मुलाला आवडतो, यात शंका नाही. परंतु नेमके काय छान झाले, हे त्यावरून त्याला कळते काय? ज्या कृतीचे कौतुक होते ती मूल बहुधा पुन्हा करू लागते. मग कौतुकाचा शब्द केवळ वेगळेपणालाच जोडला, तर नवनिर्मिती वाढेल काय?

ठोकळ्यांचा प्रयोग

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या एलिझाबेथ गोएट्झ व डोनाल्ड बेअर यांनी या प्रश्नाचा शोध घेतला. त्यांचा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. शिशुवर्गातील तीन मुली ठोकळ्यांच्या रचना करीत असत. कोणत्या मांडणीस स्वतंत्र आकार म्हणावयाचे, हे ठरविलेले होते. एका टप्प्यात, त्या बैठकीत पूर्वी न आलेला आकार मुलीने रचला, की शिक्षिका उत्साहाने कौतुक करी. दुसऱ्या टप्प्यात केवळ पुन्हा रचलेल्या आकाराचे कौतुक होई. त्यानंतर पुन्हा पहिला क्रम सुरू केला जाई.

वेगळेपणाचे कौतुक होत असता आकारांची विविधता वाढली. पुनरावृत्तीचे कौतुक होऊ लागताच ती घटली. विशेष हे, की वेगळेपणाच्या कौतुकाच्या काळात, मुलींनी आधीच्या कोणत्याही बैठकीत न केलेले आकारही अधिक प्रमाणात निर्माण झाले. म्हणजे कौतुक दोन्ही वेळी होतेच. ते कशाचे झाले, यावर फळ अवलंबून होते.

तथापि मुली तीनच होत्या, आणि विविधता हे सर्जनशीलतेचे एक अंग आहे, सर्वस्व नव्हे, हे विसरता कामा नये.

परीक्षणाची छाया

शब्द उच्चारला जाण्यापूर्वीही त्याचा परिणाम होऊ शकतो. १९७९ साली टेरेसा अमाबिले यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थिनींनी कागदाचे तुकडे चिकटवून चित्रे केली. आपल्या चित्राचे परीक्षण होणार, असे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांची चित्रे कलावंतांना सामान्यतः कमी सर्जनशील वाटली. मात्र सर्जनशील चित्र कसे साधावे हे ज्यांना स्पष्ट सांगितले होते, त्यांच्या बाबतीत असे घडले नाही.

वर्गात काय करावे?

दोन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट ध्यानात येते : मोघम शब्दापेक्षा नेमका शब्द उपयोगी. "चित्र छान आहे" असे म्हणण्याऐवजी "तू नदी आकाशातून पाहिल्यासारखी काढलीस, अशी तू पूर्वी काढली नव्हतीस" असे म्हणावे. मूल कामात रमलेले असता गुणांची आठवण देऊ नये.

करून पहा : एका तासात आपण मुलांना दिलेले सर्व अभिप्राय लिहून ठेवा. त्यांपैकी किती सुबकपणाचे, किती बरोबर उत्तराचे आणि किती नव्या कल्पनेचे होते, ते मोजा. वर्गात कोणत्या गोष्टीची वाढ होत आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.