मिसिंग : एका बिघाडाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

तर्कशास्त्राच्या तासाला सरांनी मिल या इंग्रज विचारवंताच्या, १८४३ सालच्या ग्रंथातील, कारणशोधाच्या पद्धती शिकविल्या, तेव्हा मी व्याख्या पाठ केल्या आणि परीक्षेत उतरवून दिल्या. व्यतिरेक पद्धती म्हणजे नेमके काय, हे मात्र मला पुढच्या पावसाळ्यात शहाडला, आमच्या चाळीसमोर उभ्या असलेल्या वॅगन-आरच्या बॉनेटखाली समजले. कला शाखेच्या विद्यार्थिनीने इंजिनावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या घरी तीन पिढ्यांत कॉलेजात आलेली मी पहिली, आणि माझी फी त्या गाडीच्या पिवळ्या नंबरप्लेटवर चालते. तेव्हा हा विषय मला परका नाही.

झाले असे, की गाडी सीएनजीवर 'मिसिंग' मारू लागली. सपाट रस्त्यावर ठीक, पण शहाडचा उड्डाणपूल चढू लागली की हिसके, पिकअप नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. पेट्रोलवर टाकली की निमूट चाले. बाबांनी एका गॅरेजात दाखविली. तेथे पाच मिनिटांत निकाल लागला : पेट्रोलवर चालते, गॅसवर नाही, म्हणजे गॅसचे इंजेक्टर गेले, खर्च नऊ हजार. त्या महिन्याचा हप्ता आणि माझी फी दोन्ही डोक्यावर असताना ही रक्कम ऐकून बाबा गाडी तशीच घरी घेऊन आले. पेट्रोलवर भाडे मारणे परवडत नाही, त्यामुळे गाडी दारात उभी राहिली.

आजोबांनी १९८१ ते २००९ मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालविली. कुर्ल्याला बनणारी ती गाडी, १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्या दिवशी आजोबा जेवले नव्हते. गॅरेजचा निकाल ऐकून ते एवढेच म्हणाले, "अगं, गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते. आधी ठिणगी बघा."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसते उभे असले तरी प्रत्येक प्लगला मिनिटात ४०० ठिणग्या पाडाव्या लागतात. पेटण्यास तीन गोष्टी हव्यात : योग्य प्रमाणात इंधन व हवा, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. यांतली एक चुकली की तो फटका वाया जातो, तेच मिसिंग. आता सीएनजी व हवेच्या मिश्रणातून ठिणगी उडण्यास पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते, आणि चढावर रेस दिली की सिलिंडरातला दाब वाढून ते आणखी वाढते. म्हणून दुबळी ठिणगी पेट्रोलवर झाकली जाते आणि गॅसवर, तेही चढावर, उघडी पडते. गॅरेजवाल्यांनी पाहिलेले खरे होते. त्यावरून काढलेले अनुमान मात्र घाईचे होते.

पद्मिनीत आजोबा इंजिन चालू ठेवून इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर काढीत. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. आजच्या गाडीत असे करू नये. कॉइल थेट प्लगवर बसलेली असते, हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होतो. पिवळा दिवा लुकलुकू लागला तर गाडी चालवू नये, तेही याचसाठी.

त्याऐवजी स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. शेजारच्या दादाकडून त्यात लावायचे छोटे यंत्र आणले, मोबाईलला जोडले. कोड निघाला पी ०३०३. पी ०३०० म्हणजे मिसिंग कोणत्याही एका सिलिंडरात ठरलेले नाही. शेवटचा आकडा असेल तर तो सिलिंडरचा क्रमांक. आमचा तिसरा.

यापुढे माझी चूक झाली. इंजिन थंड झाल्यावर (गरम हेडमधून प्लग काढल्यास आटे जातात) खाचेतली धूळ सायकलच्या पंपाने उडविली आणि उत्साहाच्या भरात पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरचे प्लग आणि कॉइल दोन्ही एकदम अदलाबदल केले. कोड पुसला, बाबा गॅसवर पूल चढून आले. आता कोड पी ०३०१. मला आनंद झाला, आजोबा म्हणाले, "दोन्ही बदललेस, मग चोर कोणता?" मी गप्प. व्यतिरेक पद्धतीत दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक हवा, ही ओळ मी परीक्षेत लिहून गुण घेतले होते. एवढे मात्र ठरले, की गॅसचा इंजेक्टर निर्दोष. तो तिसऱ्याच जागी होता आणि बिघाड पहिल्याकडे गेला होता.

दुसऱ्या संध्याकाळी फक्त प्लग मूळ जागी परत नेले. पुन्हा पूल, कोड पी ०३०१ च. म्हणजे दोष कॉइलबरोबर राहिला. प्लग उजेडात पाहिले तर टोके फिकट तपकिरी, म्हणजे ठीक. काळी कोरडी काजळी असती तर इंधन जास्त, तेलकट असती तर रिंग किंवा व्हॉल्व्हकडे शंका. तसे असते तर कॉइल बदलून भागले नसते. कॉम्प्रेशन मोजावे लागले असते. गॅसच्या गाड्यांत व्हॉल्व्ह बसण्याची जागा झिजून टॅपेटची फट कमी होते, तेही पाहावे लागते.

कॉइलचा रबरी बूट वाकवून पाहिला तेव्हा केसाएवढी चीर दिसली आणि तिच्याकडेने काळी रेघ. वीज प्लगच्या टोकापर्यंत न जाता त्या चिरेतून बाजूच्या धातूत पळत होती. त्या खाचेत पावसाच्या पाण्याचे वाळलेले डागही होते.

नवी कॉइल दोन हजारांच्या आत मिळाली. तिसऱ्या संध्याकाळी बाबांनी गाडी गॅसवर पुलावर घातली. मी पुढे मोबाईल धरून, आजोबा मागे डोळे मिटून नुसता आवाज ऐकत. कोड आला नाही. जुनी कॉइल मी ठेवून दिली आहे. तर्कशास्त्राच्या तासाला सरांची परवानगी मिळाल्यास वर्गात फिरवीन.