भाच्याच्या स्प्लेंडरचं ऑइल

रोहन,

करंजाड्यातल्या मेकॅनिकने तुला सांगितलं, ‘ऊन कडक आहे, २०डब्ल्यू-५० टाक, जाड ऑइलने इंजिन थंड राहतं.’ त्याचा हात चांगला असेल, पण हा सल्ला ऐकू नकोस.

डब्यावरचा ‘डब्ल्यू’ विंटरचा. त्याच्या अलीकडचा आकडा गारठलेल्या इंजिनासाठी असतो. १०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. पनवेल तालुक्यात त्या थंडीचं काय काम? आपण बघायचा तो शेवटचा आकडा. तो १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो: ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ५० ग्रेड १६.३ ते २१.९. बाहेर वीस अंश असोत की अडतीस, चालत्या इंजिनात ऑइल खूप तापणार हे कंपनीने धरलेलंच असतं, आणि तुझ्या स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० सांगितलंय ते आपल्याच देशातलं ऊन बघून. जाड ऑइल ढवळायला इंजिनाची जास्त ताकद जाते, त्या घुसळणीतून उष्णताच वाढते, ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

मात्र मेकॅनिकच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. तुझं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. कळंबोलीला कंटेनरांच्या रांगेत गाडी नुसती घुरघुरत उभी राहिली की वारा लागत नाही आणि ऑइल जास्त तापतं. त्यावर उपाय म्हणजे इंजिन बंद करणं आणि ऑइल वेळेवर बदलणं. इंजिन जुनं होऊन ऑइल पिऊ लागलं, तर ४० ग्रेडचा विचार करू, तोही मॅन्युअल बघून.

स्प्लेंडरमध्ये ऑइल मुळातच थोडं असतं, त्यामुळे थोडं कमी झालं तरी इंजिनाला जाणवतं. ग्रेडवरून वाद घालणारे पुष्कळ भेटतील, ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघणारे थोडे. मेन स्टँडवर गाडी लाव, इंजिन काही मिनिटं चालू ठेवून बंद कर, जरा थांब, पट्टी पुसून न पिळता नुसती टेकवून बघ.

आणखी एक. आईच्या ॲक्टिव्हाचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतू नकोस. स्कूटरसाठी ‘जासो एमबी’ दर्जाचं ऑइल चालतं, पण बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्याला ‘जासो एमए’च हवं, नाहीतर क्लच घसरतो. कारचं ऑइलही त्याच कारणाने नको. सुटं ऑइल स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस. डबा सीलबंद घे, तुझ्यासमोर उघडायला लाव आणि रिकामा झाला की भोक पाडूनच टाक, म्हणजे त्यात कुणी बनावट माल भरणार नाही. जुनं काळं ऑइल गटारात ओतू देऊ नकोस, ते गाढी नदीत जातं.

मॅन्युअल हरवलं असेल तर आधी ते मिळव आणि ऑइलच्या पानाचा फोटो मला पाठव. तोवर मेकॅनिकला डबा उघडू देऊ नकोस.

तुझा,
मामा