सरवा

सोलापुरात आमच्या मंडळीत बुधवारच्या शास्त्राभ्यासाला मी बरीच वर्षं जुना करार शिकवते. ‘जुन्या करारात नुसता कोप, कृपा काय ती नव्यात’ असं अजूनही पुष्कळ जण म्हणतात. शिकवता शिकवता मला उमगलं ते निराळंच.

१. कृपा आधी, आज्ञा नंतर. इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून आधी सुटले, सीनायवरच्या दहा आज्ञा त्यांना मागाहून मिळाल्या. अनुवाद या पुस्तकाच्या ९व्या अध्यायात मोशे लागोपाठ तीन वचनांत बजावतो, की हा देश तुमच्या नीतिमत्तेमुळे मिळत नाही. हा क्रम उलटा शिकवला, तर मुलं देवाला हेडमास्तर समजतात.

२. नम्रता देणाऱ्याच्याही अंगी हवी. माझी आई लहानपणी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सरवा वेचायची. ज्वारीची कणसं मोडून गाडी खळ्यावर गेली, की बाया-पोरी रानात शिरत. भेगेत अडकलेलं कणीस बोटांनी उकरायचं, माती झटकून ओट्यात टाकायचं. मालक बांधावर उभा असला की मान वर करवत नसे, असं ती सांगायची.

म्हणून रूथचा दुसरा अध्याय मला सगळ्यांत जवळचा. रूथ मवाबी, परकी, विधवा. मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत थारा नाही, असं नियमशास्त्र सांगतं. शेताच्या कडा गरिबांसाठी व परक्यांसाठी राखाव्यात, हेही तेच शास्त्र सांगतं. शेताचा मालक बवाज त्याच्याही पुढे जातो. पेंढ्यांतली कणसं तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या आणि तिला कुणी बोलू नका, असं तो गड्यांना बजावतो. संध्याकाळी रूथ सातू झोडून घरी नेते, ते स्वतः वेचलेलं म्हणून. उपकाराचं ओझं तिच्या डोक्यावर कुणी ठेवत नाही. पुढे दावीद राजा हिचाच पणतू. दुष्काळात कोठार खुलं करणाऱ्या दामाजीपंतांच्या मुलखात वाढलेल्यांना बवाज फार समजावून सांगावा लागत नाही, पण गुपचूप देणं मात्र आम्हाला अजून शिकायचंय.

३. स्वतःला हिणवणं देवाला नको असतं. आधीच्या शौल राजाचा नातू मफीबोशेथ दावीदापुढे स्वतःला मेलेलं कुत्रं म्हणवतो. दावीद त्या बोलण्याला उत्तरच देत नाही. आजोबांची, म्हणजे शौलाची, जमीन त्याला परत देतो आणि रोज आपल्या पंगतीला बसवतो. मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता, याची आठवण देऊनच तो अध्याय संपतो.

४. विद्वत्ता वाकली की लोकांच्या कामी येते. पुण्याच्या गाडीतून जाताना केडगाव स्टेशन आलं की मला पंडिता रमाबाई आठवतात. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या या बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत. १९२२ साली देह ठेवेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. छपाई केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच केली.

५. सगळ्यांत अवघड योना. स्वतःला मिळालेली कृपा गोड लागते, शत्रूला मिळालेली घशाखाली उतरत नाही. शत्रूचं निनवे शहर वाचलं म्हणून संदेष्टा योना रुसून बसतो. एक लाख वीस हजारांवर माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं, यांची मला कीव येऊ नये काय, असं देव विचारतो आणि पुस्तक तिथंच थांबतं. या धड्याला आमचा वर्ग वेळेवर सुटत नाही. कुणाचा बांध सख्ख्या भावानं कोरलेला असतो, कुणी जामीन राहून बुडालेलं असतं. त्या माणसावर देवानं दया केली तर चालेल का, असं मी विचारते. लोक तावातावानं वाद घालतात. मी घालू देते.